बँक म्हणते 'कोर्टाचा कागद आणा'. पण नेमका कोणता? वारस दाखला, सक्सेशन सर्टिफिकेट आणि अर्जाची प्रक्रिया समजून घ्या

घरातील कर्त्या माणसाचे निधन होते. दिवसकार्य उरकल्यावर मुले बँकेत जातात आणि काउंटरवर उत्तर मिळते, 'कोर्टाचा कागद आणा.' कोर्टाच्या आवारात कुणी वारस दाखला सांगतो, कुणी सक्सेशन सर्टिफिकेट, तर कुणी प्रोबेट. चुकीचा अर्ज केला तर वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात.

प्रत्येक वेळी कोर्टात जावे लागते का?
नाही. खात्याला नॉमिनी असेल तर बँक रक्कम नॉमिनीला देते. नॉमिनी आणि मृत्युपत्र दोन्ही नसेल व वारसांत वाद नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार १५ लाख रुपयांपर्यंतचा दावा सक्सेशन सर्टिफिकेटशिवाय निकाली काढायचा आहे. सहकारी बँकांसाठी ही मर्यादा ५ लाख आहे. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, हमीपत्र, इतर वारसांची संमती असे सर्व कागद मिळाल्यावर १५ दिवसांत रक्कम देणे अपेक्षित आहे. म्हणून आधी बँकेकडे तिचा दावा अर्ज मागा.

मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नामनिर्देशनामुळे वारसा कायदा बाजूला पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

कोणता कागद कशासाठी?
• सक्सेशन सर्टिफिकेट: भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मिळते. ठेवी, शेअर्स, येणे रकमा यांसाठी. घर किंवा जमिनीसाठी नाही.
• वारस दाखला: १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ नुसार दिवाणी न्यायालय देते. घर, फ्लॅट अशा स्थावर मालमत्तेसाठीही उपयोगी.
• प्रोबेट: मृत्युपत्र असेल आणि त्यात व्यवस्थापक नेमला असेल तर.
• सातबारा: वाद नसेल तर कोर्टाची गरज नाही. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा. जमीन महसूल संहितेनुसार ही माहिती तीन महिन्यांत कळवायची असते.

अर्जाचा नमुना कुठे मिळतो?
बँकेसारखा रकाने भरायचा छापील फॉर्म इथे सहसा नसतो. १९२५ च्या कायद्याचे कलम ३७२ हाच अर्जाचा सांगाडा. 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर हा कायदा मोफत वाचता येतो. अर्जात पुढील गोष्टी हव्यात:
१. मृत्यूची वेळ
२. मृत व्यक्तीचे शेवटचे नेहमीचे राहण्याचे ठिकाण (त्यावरून न्यायालय ठरते)
३. कुटुंबीय व जवळच्या नातेवाइकांची नावे आणि पत्ते
४. अर्जदाराचा हक्क कशाच्या आधारे
५. प्रमाणपत्र देण्यास कायदेशीर अडथळा नसल्याचे कथन
६. ठेवी, शेअर्स व येण्यांची तपशीलवार यादी

यादीत पावती क्रमांक आणि रक्कम अचूक लिहा. एखादी ठेव नंतर सापडली, तर कलम ३७६ नुसार प्रमाणपत्राची व्याप्ती वाढवून घेता येते.

सर्वांत महागात पडणारी चूक कोणती?
वारसांची नावे गाळणे. हिंदू पुरुषाने मृत्युपत्र केले नसेल, तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातील वारस असतात. गावाकडची आजी आणि लग्न झालेली बहीण यांची नावे मात्र अनेकदा अर्जात नसतात. समजा, स्वकष्टार्जित १२ लाखांची ठेव आहे आणि मागे पत्नी, मुलगा, विवाहित मुलगी व आई आहेत. प्रत्येकाचा वाटा ३ लाख. कुणाला हिस्सा नको असेल, तरी नाव लिहून संमती जोडावी. महत्त्वाची बाब लपवून मिळवलेले प्रमाणपत्र कलम ३८३ नुसार रद्द होऊ शकते. अर्ज सत्यापित करताना जाणूनबुजून खोटे लिहिणे हा गुन्हाही आहे. अन्य धर्मीयांसाठी वारसांचे नियम वेगळे आहेत.

अर्ज दिल्यावर पुढे काय?
न्यायालय संबंधितांना नोटीस काढते. वारस दाखल्यासाठी जाहीर सूचना देऊन एक महिन्यात हरकती मागवल्या जातात. हरकत नसेल तर अर्जदाराचा पुरावा घेऊन आदेश होतो. सक्सेशन सर्टिफिकेटचे न्यायालयीन शुल्क यादीतील रकमेवर ठरते. प्रकरणाचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक जपून ठेवा. 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' अॅपवर त्यावरून पुढची तारीख मोबाइलवरच कळते.

वकिलाची फी परवडत नसेल तर?
महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयातील कार्यालयात किंवा १५१०० या हेल्पलाइनवर विचारणा करा. जाताना मृत्यूचा दाखला, ठेव पावत्या आणि सर्व वारसांची पूर्ण यादी सोबत ठेवा.