दादींच्या कागदावरची चरबी : वजनकाट्याचे आकडे कसे वाचावेत?

गेल्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यात मोफत आरोग्य तपासणी शिबीर झाले. रक्तदाब आणि साखर तपासून झाल्यावर सगळ्यांना एका काचेच्या वजनकाट्यावर अनवाणी उभे केले. अर्ध्या मिनिटात छापील कागद हातात. आमच्या शेजारच्या दादींच्या कागदावर होते : वजन ५२ किलो, चरबी ३९ टक्के, शरीराचे वय ८१. दादींचे खरे वय ७२. सून घाबरली. दुसऱ्या दिवसापासून दादींचे अंडे, दूध आणि सालनातली बोटी बंद झाली. दोन महिन्यांनी वजू करून उठताना दादींना नळाचा आधार लागू लागला.

"सर, ते मशीन खोटं बोललं का?" सुनेने आम्हाला विचारले. प्रश्न अनेक घरांचा आहे, म्हणून उत्तर इथे लिहीत आहोत.

मशीन काय मोजते?

शाळेत आम्ही मुलांना शिकवतो की तार जितकी लांब तितका विजेला विरोध जास्त, आणि जितकी जाड तितका कमी. हे मशीन शरीराला तशीच एक तार समजते. एका पायातून अतिशय सौम्य वीज सोडते आणि दुसऱ्या पायातून परत घेते. ही वीज एक मिलिअँपिअरपेक्षा कमी असते आणि बहुधा सेकंदाला ५० हजार आवर्तने पूर्ण करते, त्यामुळे काहीच जाणवत नाही. स्नायूंमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार असतात, म्हणून तिथून वीज सहज जाते. चरबीत पाणी फार कमी, तिथे ती अडते. या अडण्याला इम्पीडन्स म्हणतात. उंचीच्या वर्गाला या आकड्याने भागले की शरीरातल्या पाण्याचा अंदाज येतो, हे १९६९ मध्ये हॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

म्हणजे वजन सोडले तर मशीन प्रत्यक्ष मोजते ते फक्त हे अडणे. पुढे वय, उंची आणि स्त्री-पुरुष ही माहिती सूत्रात घालून आधी पाणी, त्यावरून स्नायू, आणि उरलेली चरबी, असा सगळा हिशोब असतो. 'शरीराचे वय' हा तर कंपनीने बसवलेला आकडा. ते निदान नव्हे.

मग दादींचे काय चुकले?

त्या दिवशी दादींचा नफली रोजा होता आणि शिबीर असरनंतर भरले होते. शरीरात पाणी कमी असले की वीज जास्त अडते आणि मशीन चरबी वाढवून सांगते. टाचा कोरड्या, भेगाळलेल्या असतील तरी आकडा बिघडतो.

उलटी चूक जास्त धोक्याची. हृदय किंवा किडनीच्या आजारात पायावर सूज येते. ते साठलेले पाणी मशीन स्नायूंच्या खात्यात टाकते. कागदावर 'स्नायू उत्तम' दिसते आणि घरचे निर्धास्त होतात.

तरीही ही तपासणी कामाची का?

कारण नुसते वजन फसवते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, बीएमआय २२.३. पण युडकिन यांची चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली माणसे बारीक दिसली तरी आतून चरबी असू शकते.

म्हातारपणी हा फरक महागात पडतो. स्नायू झिजतात, त्यांची जागा चरबी घेते, काटा मात्र तोच आकडा दाखवतो. या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. हे नाव १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी दिले. पडणे, खुब्याचे हाड मोडणे, अंथरुणाला खिळणे, यांची वाट इथूनच सुरू होते. आपण मात्र "वय झालं" म्हणून सोडून देतो.

आशियातील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये मर्यादा ठरवल्या. हात-पाय वेगळे मोजणाऱ्या मोठ्या मशीनवर चारही अवयवांच्या स्नायूंचे वजन मिळते. त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. उत्तर पुरुषांत ७ पेक्षा आणि स्त्रियांत ५.७ पेक्षा कमी आले तर स्नायू कमी समजावेत. दीड मीटर उंचीच्या बाईचे असे स्नायू १२ किलो असतील तर उत्तर ५.३ येते, म्हणजे कमी.

घरी काय करावे?

मशीनवर उभे राहायचे तर सकाळी, लघवी करून, काही खाण्याआधी. रोज्यात, तापात किंवा जुलाबात नको. पाय पुसलेले, पण अगदी कोरडे नकोत. पेसमेकर असेल तर मुळीच उभे राहू नये. दर वेळी तेच मशीन, तीच वेळ. एका कागदावरून काही ठरवू नका, तीन-चार कागदांचा कल बघा.

मशीन नसले तरी चालेल. अम्मी-अब्बांना हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठ-बस करायला सांगा. तुम्ही जवळच उभे राहा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना दाखवा. पोटरीचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तरीही दाखवा. सजद्यातून उठताना हात टेकावा लागतो का, तेही सांगा.

निरोगी ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ५२ किलोच्या दादींना साधारण ५२ ते ६२ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात. किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील. जोडीला जोर लावणारा व्यायाम हवा. १९९० मध्ये बोस्टनच्या एका संस्थेतल्या नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून ८ आठवडे पायांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांचीही ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली.

डॉक्टरांना विचारून दादींचे अंडे, दूध आणि बोटी पुन्हा सुरू झाली आहे. रोज असरनंतर नातू खुर्ची मांडतो आणि मोजतो. परवा पाच उठ-बशींना १६ सेकंद लागले. महिन्यापूर्वी २१ लागत होते.