चालती झाडं

ये, बस इथं गॅलरीत. आज पहाटेच नळाला पाणी आलंय, त्यामुळे आपलं जुळे सोलापूर घागरी-बादल्यांच्या आवाजानं जागं झालंय.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायच्या आधी मला इथून समोरचा कडुनिंब आणि खाली उभा माणूस सारखेच दिसायचे. हललं की माणूस! दूधवाल्याला तर मी चालीवरूनच ओळखायचो, डावा पाय जरा ओढतो ना तो.

तुझी मैत्रीण सांगत होती ती बायबलातली गोष्ट अशीच आहे. मार्कच्या शुभवर्तमानात, आठव्या अध्यायात. बेथसैदा गावात लोकांनी एका आंधळ्याला येशूकडे आणलं. येशूनं हात धरून त्याला गावाबाहेर नेलं, डोळ्यांना थुंकी लावली, हात ठेवले आणि विचारलं, काही दिसतंय का? तो म्हणाला, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, आणि चालतात! येशूनं पुन्हा हात ठेवले, तेव्हा कुठं स्वच्छ दिसलं. येशूनं दोन टप्प्यांत बरं केल्याचा चमत्कार हा एवढाच. जाणकार म्हणतात, ही शिष्यांचीच गोष्ट: गुरू कळला, पण अर्धाच. असेल. मला मात्र त्या झाडांचंच कौतुक.

डोळा उघडला की दिसलं, असं नसतं गं. डोळ्याच्या पडद्यावर 12 कोटींहून जास्त प्रकाशपेशी असतात. त्यांची खबर डोक्याच्या पार मागच्या भागात पोचते आणि हे झाड, ही सावली, हा माणूस, अशी निवडानिवड मेंदू करतो. ती तो तान्हेपणी शिकतो. पवन सिन्हा नावाच्या शास्त्रज्ञानं दिल्लीत ‘प्रोजेक्ट प्रकाश’ सुरू केला. त्यात उशिरा दृष्टी मिळालेल्यांना एकमेकांवर चढलेला गोल आणि चौकोन दाखवला, तर त्यांना तीन तुकडे दिसले. तेच आकार हलवले, तर बरोबर दोन! जे सोबत हलतं ते एक, हे मेंदूनं ताडलं. 2009 साली हे छापून आलं. बेथसैदाच्या माणसानंही तेच केलं की! उभी होती तोवर झाडं, चालली म्हणून माणसं. झाड कसं दिसतं हे ठाऊक होतं, म्हणजे बिचाऱ्याला आधी दिसत असावं.

मेंदू बघायला तान्हेपणीच शिकतो, म्हणून जा, काकूला सांग. तिच्या बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरं काही दिसलं, तर मोठं झाल्यावर बघू म्हणायचं नाही, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. नजर अडवणारा जन्मजात मोतीबिंदू शक्यतो पहिल्या दोन महिन्यांतच काढावा लागतो.