स्पिन मोजायला टेराहर्ट्झ कशाला?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझी एक ठाम समजूत होती: फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितकं संशोधन भारी. गाईडनी एकदाच विचारलं, "तुझ्या सॅम्पलला एवढी फ्रिक्वेन्सी का लागते?" माझी बोलती बंद. उत्तर कसं शोधायचं ते सुसुमु ताकाहाशी आणि सहकाऱ्यांचा हिऱ्यावरचा २००८ चा पेपर वाचताना कळलं.

आधी थोडी उजळणी. इलेक्ट्रॉन हे एक इवलंसं चुंबक आहे. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की स्पिनच्या दोन ऊर्जापातळ्या होतात, आणि त्यांच्यातल्या फरकाइतक्या ऊर्जेची लहर दिली की स्पिन उलटतो. हाच इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स. झावोइस्की यांनी १९४४ मध्ये कझानला शोधलेला. हिशोब सोपा आहे: १ टेस्लाला साधारण २८ गिगाहर्ट्झ. नेहमीचं एक्स-बँड मशीन ९.५ गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे ०.३४ टेस्ला पुरतो. ताकाहाशींनी वापरले २४० गिगाहर्ट्झ, म्हणजे ०.२४ टेराहर्ट्झ. त्यासाठी आठ-साडेआठ टेस्लाचं चुंबक लागतं.

एवढा खटाटोप कशासाठी? प्रश्न असा होता, की हिऱ्यातल्या एका स्पिनची लय शेजारचे स्पिन बिघडवतात, ते थांबवता येईल का? शेजारी एक स्पिन वर आणि एक खाली असेल, तर ते आपसांत अदलाबदल करतात. त्यामुळे आजूबाजूचं क्षेत्र सतत हलत राहतं आणि आपल्या स्पिनची लय जाते. पण सगळे शेजारी एकाच दिशेला असले, तर? अदलाबदलीला जोडीदारच उरत नाही!

आता आकडे बघा. एक्स-बँडवर, खोलीच्या तापमानाला १०,००० स्पिनपैकी साधारण ५,००४ खालच्या पातळीत असतात आणि ४,९९६ वरच्या. म्हणजे जवळपास निम्मे-निम्मे. २ केल्विनपर्यंत थंड केलं तरी ध्रुवीकरण ११ टक्क्यांच्या आसपासच. २४० गिगाहर्ट्झचा ऊर्जाफरक मात्र ११.५ केल्विनइतका आहे, त्यामुळे त्याच २ केल्विनला ध्रुवीकरण ९९ टक्क्यांच्या वर जातं. आणि प्रयोगात नेमकं तेच दिसलं: ११.५ केल्विनच्या खाली लय टिकण्याचा काळ झपाट्याने वाढला आणि २ केल्विनखाली सुमारे २५० मायक्रोसेकंदांवर स्थिरावला.

अडचण होती ती पॉवरची. टेराहर्ट्झचे नेहमीचे स्रोत कमजोर असतात. स्पिन ९० अंश फिरवायला ३०० नॅनोसेकंद लागायचे, तेवढ्यात वेगवान घडामोडी होऊन जातात. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथे मार्क शेर्विन यांच्या गटाने (त्यात ताकाहाशीही होते) फ्री-इलेक्ट्रॉन लेसरचे किलोवॅटचे पल्स वापरले आणि तेच काम ६ नॅनोसेकंदांत केलं.

यातून मी एक सवय लावून घेतली. मशीनचा स्लॉट मागण्याआधी वहीत प्रश्न एका वाक्यात लिहायचा. मग फ्रिक्वेन्सीला प्लांक स्थिरांकाने गुणायचं, बोल्ट्झमन स्थिरांकाने भागायचं, आणि आलेले केल्विन सॅम्पलच्या तापमानाशी ताडून बघायचे. माझा हिशोब असा केला तेव्हा कळलं, माझ्या सॅम्पलला एक्स-बँडच पुरेसं होतं! तुम्हीही करून बघा. पाच मिनिटं लागतात, आणि गाईडसमोर बोलती बंद होत नाही.