इझुमी अराता : खेळायला आला, इथलाच झाला

कट्ट्याच्या बाजारात सुट्टीवर आलेली आखातातली पोरं भेटतात. महिनाभर राहून परत जातात. खिशात तिकडचा इकामा, पासपोर्ट मात्र भारताचाच. आता याच्या उलटं बघू. बाहेरचा माणूस कामाला इथं आला आणि इथलाच झाला, तर?

इझुमी अराता हा फुटबॉलपटू १९८२ साली जपानमधल्या शिमोनोसेकीत जन्मला. वडील मूळचे भारतीय, आई जपानी. २००६ मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळायला आला. मग मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि २००९ पासून पुणे एफसी.

क्लबकडून खेळायला करार आणि व्हिसा पुरतो, देशाकडून खेळायला पुरत नाही. २००८ च्या सरकारी धोरणानुसार भारताच्या संघात भारतीय पासपोर्टवालाच हवा होता. त्यात आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणून अराताने जपानी नागरिकत्व सोडलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीत पॅलेस्टाईनविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा खेळला, तेव्हा वय होतं ३०. मैदान मिळालं, पण भारतीय पासपोर्टवर आईच्या देशात जायला व्हिसा लागतो.

आपल्या घरातलं कुणी परदेशाचं नागरिकत्व घेणार असेल तर हे आधी समजून घ्या. ते स्वतःहून घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. नंतर ओसीआय कार्ड काढून येणं-जाणं होतं, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. सही करण्याआधी घरात बसून बोलून घ्या.