बोअरवरचा डबा

धाराशिव शहराच्या नळाला सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाचं पाणी येतं. मांजरा, तेरणा, बोरी या आपल्याच नद्या असल्या तरी त्यांच्या भरवशावर उन्हाळा निघत नाही. अशा जिल्ह्यात साखर कारखाना बोअरमधून किती पाणी उपसतो हा प्रश्न पारावरच्या गप्पांतही निघतो. त्याचं उत्तर डिलिव्हरी पाइपवर बसवलेल्या एका डब्यानं द्यायचं, असा आता नियम आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 24 सप्टेंबर 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उद्योगांच्या बोअरवर छेडछाड करता न येणारं, टेलिमेट्रीचं डिजिटल फ्लोमीटर लागतं.

यातलं विद्युतचुंबकीय मीटर फॅरेडेच्या नियमावर चालतं. चुंबकीय क्षेत्रातून पाणी वाहिलं की समोरासमोरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये वेगाच्या प्रमाणात सूक्ष्म व्होल्टेज उमटतं. खुद्द फॅरेडेनं 1832 मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्समध्ये तारा सोडून हा प्रयोग केला होता, पण तो फसला. आपल्याकडचं क्षारयुक्त पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे मीटरची सोय होते; मात्र तेच क्षार इलेक्ट्रोडवर बसतात, म्हणून अधूनमधून साफसफाई आलीच.

मोजणं हा त्यातला सोपा भाग. खरी मेख सेटिंगमध्ये आहे.

आधी विजेचं बघू. मीटर लाइटवर ठेवलं आणि लाइट गेली की ते झोपतं. पण मोटर जनरेटरवर चालू राहिली तर तेवढं पाणी कुठल्याच हिशेबात येत नाही. म्हणून बोअरवर बॅटरीचं मीटर बरं. त्यात 3.6 व्होल्टचे लिथियम सेल असतात. चुंबकीय क्षेत्र तयार करणारी कॉइल सतत चालू ठेवली तर ते लवकर बसतील, म्हणून मीटर दर काही सेकंदांनी क्षणभर जागं होतं, मोजतं आणि पुन्हा झोपतं. तासन्‌तास चालणाऱ्या मोटरला 15 सेकंदांचं अंतर चालून जातं. फिल्टर धुण्याच्या लाइनवर मात्र पाणी थोडाच वेळ वाहतं, तिथं हेच अंतर घोटाळा करतं. सर्वांत जास्त वीज खातो तो नोंदी पाठवणारा मोडेम. दर 15 मिनिटांनी नोंद धरली तर दिवसाच्या 96 होतात. त्या साठवायला जवळजवळ फुकट, पाठवायला महाग. माझ्या मते नोंद 15 मिनिटांची ठेवावी आणि गठ्ठा दिवसातून एकदा पाठवावा. रेंज नसेल तर मोडेम पुन्हा पुन्हा प्रयत्न करून सेल रिकामे करतो, म्हणून प्रयत्नांनाही मर्यादा घालावी आणि अँटेना पत्र्याच्या केबिनबाहेर काढावा.

सुरक्षेची बाजू बहुधा सर्वांत दुर्लक्षित. कंपनीनं दिलेला पासवर्ड मॅन्युअलमध्ये छापलेला असतो, आणि तोच वर्षानुवर्षं चालू राहतो! तो पहिल्याच दिवशी बदलावा. त्याहून महत्त्वाची ‘लो फ्लो कट-ऑफ’ची मर्यादा. ठरावीक वेगाखालचं वाहणं शून्य धरायचं, म्हणजे बंद मोटरची खोटी नोंद होत नाही. पण हा आकडा वाढवून ठेवला, तर हळू वाहणारं खरं पाणीही गायब होतं, तेही सीलला हात न लावता. म्हणून मेनूत कोणी, केव्हा, काय बदललं याची नोंद ठेवणारं मीटरच घ्यावं, आणि एकूण पाण्याचा आकडा शून्य करण्याची सोय बंद करावी.

सांडपाण्यालाही हिशेब आहे. 2016 च्या निकषांनुसार साखर कारखान्याला गाळलेल्या उसाच्या टनामागे 200 लिटर सांडपाण्याची मर्यादा. रोज 5,000 टन गाळप असेल तर 10 लाख लिटर. खरं तर उसातच सुमारे 70 टक्के पाणी असतं. ते वाफेतून परत घेऊन वापरलं, तर बोअरवरचा बराच भार हलका होतो.

गाळप हंगामाआधी सेल बदलायचे, तर आधी साठलेल्या नोंदी उतरवून घ्याव्यात. मेमरी भरली की नवी नोंद सर्वांत जुनीवर बसते. मग घड्याळ तपासावं, कारण सेल काढल्यावर काही मीटरांची तारीखच मागे जाते आणि अख्ख्या हंगामाचे आकडे भलत्याच वर्षात जमा होतात. त्यानंतर झाकण लावून शिशाचं सील दाबायचं आणि त्याचा नंबर रजिस्टरमध्ये लिहून सही घ्यायची.