पेनगंगेअलीकडची मैदाने

हैदराबादेतील आपल्या जुन्या मराठी घरांत आदिलाबादचा विषय निघाला, की तो कापूस, सागवान आणि आजोबांची निजामी अमदानीतील वकिली यांपलीकडे सहसा जात नाही. "तिथे पाहण्यासारखे आहे तरी काय?" असे परवा एका स्नेह्यांनी मला विचारलेच. माझी आजी किनवटची. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ सालापर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. तेव्हा आजोळाचा अभिमान जागा झाला आणि मी म्हणालो, "खेळ पाहा. बारा महिने कुठे ना कुठे चालू असतात." (राहिलेल्या जिल्ह्याचेही २०१६ साली चार जिल्हे झाले. म्हणून मी सांगतो त्यातले एखादे गाव आज शेजारच्या जिल्ह्यात सापडले, तर वाचकांनी मला दोष देऊ नये.)

थंडीपासून सुरुवात करू. तेलंगणात खरी थंडी अनुभवायची तर ती आदिलाबादेतच. त्या दिवसांत आणि पुढे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचा फड लागतो. मुधोळ-भैंसा बाजूच्या एका जत्रेत मी गेलो होतो. आखाडा कसला, नांगरून भुसभुशीत केलेले शेतच ते! पहिली कुस्ती नारळाची, सहा-सात वर्षांच्या पोरांची. जिंकलेले पोर नारळ घेऊन आईकडे धावले, हरलेलेही आपल्या आईकडेच धावले. मग जाणती मंडळी जोडी बघून हाताला हात लावून देऊ लागली, बक्षिसे चढत गेली, आणि दिवस कलताना शेवटची कुस्ती झाली ती चांदीच्या कड्याची. एक गडी नांदेडकडचा, दुसरा तिथलाच. हलगी मराठी वाजत होती की तेलुगु, हे मला सांगता येणार नाही. आरोळ्या मात्र दोन्ही भाषांतून उठत होत्या, आणि नांदेडच्या गड्याने ढाक लावून समोरच्याला चीत केले तेव्हा तेलुगु बोलणाऱ्यांनीच त्याला खांद्यावर घेतले. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला मी विचारले, "तुम्ही कोणाच्या बाजूचे?" तो म्हणाला, "जो निकाली लढेल त्याच्या." गुणांवर सोडवलेली कुस्ती त्याला मुळीच मान्य नव्हती.

आपला हुतूतू तेथे चेडुगुडू म्हणून ओळखला जातो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तो जगाला दाखवला. आदिलाबादच्या शाळांच्या पटांगणांत मुली तो अशा त्वेषाने खेळतात, की पाहणाऱ्याचाच दम सुटावा.

पावसाळ्यात लोक कुंतलाच्या धबधब्यावर गर्दी करतात. कडेम नदी तेथे सुमारे दीडशे फूट खाली कोसळते. पायऱ्यांची चढउतार हाच मोठा व्यायाम आहे आणि तेवढ्यावरच समाधान मानावे. खालच्या डोहात पोहण्याचा मोह अनेकांच्या जिवावर बेतला आहे. तरुणपणी मीही तेथे पाय घसरून गटांगळी खाल्ली. कोणा अनोळखी माणसाने केसाला धरून ओढले म्हणून हा लेख लिहितो आहे.

पण मला सर्वांत आवडलेला खेळ चिखलातला. पावसाळ्यात गोंडांच्या गुड्यांतून पोरे बांबूच्या दोन उंच काठ्यांवर चालतात. काठीला पाऊल टेकण्यापुरता खुंटा बांधलेला असतो. वाटा चिखलाने भरल्या, की याच काठ्यांवरून शर्यती लागतात आणि पाडापाडी चालते. गेल्या पोळ्याला माझ्या दहा वर्षांच्या नातवाला घेऊन गेलो होतो. तो पुण्यात वाढलेला. पहिल्या तासात सात वेळा पडला, हे मी मोजले. संध्याकाळी मात्र गुड्यातल्या पोरांबरोबर तिरपा तिरपा का होईना, धावत होता. रात्री त्याने काठ्या उशाशी घेतल्या आणि पुण्याला न्यायच्या म्हणून जाहीर केले.

दुसऱ्या दिवशी सगळी पोरे आपापल्या काठ्या घेऊन शिवेकडे निघाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या शिवेबाहेर टाकून द्यायच्या असतात. गावातली रोगराई त्यांच्याबरोबर जाते, अशी त्या लोकांची भावना. नातू हट्टाला पेटला. मी पैसे देऊ करणार होतो, हे कबूल करतो. तेवढ्यात एक वृद्ध गोंड गृहस्थ त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "घरी नाही न्याचं बाबू, हे शिवेवरच टाका लागते. पुढच्या पावसात ये, मी नवी करून देतो."

पोराने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. मग तो त्या पोरांमागे गेला, काठ्या टाकल्या आणि मागे न पाहता परत आला. मोटारीत बसल्यावर निर्मळ येईपर्यंत तो गप्प होता. नंतर विचारले, "आजोबा, पुढचा पोळा किती तारखेला आहे?"