आधी ओंडका, मग करवत

१९ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम भागात जे वादळ आलं त्याला इथले हवामानवाले ‘बॉम्ब सायक्लोन’ म्हणतात. समुद्रावरचा हवेचा दाब एका दिवसात इतका उतरला की कॅस्केड पर्वतापलीकडची थंड हवा खिंडींतून आमच्या बाजूला ओतली गेली. एरवी इथे जोराचा वारा दक्षिणेकडून येतो आणि झाडांची मुळं त्याच वाऱ्याला तोंड देत वाढलेली असतात. त्या रात्री वारा पूर्वेकडून आला. इसाक्वा, समामिश, बेलव्ह्यू या सिएटलच्या पूर्वेकडच्या गावांत, जिथे आता मराठी घरं पुष्कळ आहेत, डग्लस फरची जुनी झाडं मुळांसकट आडवी झाली आणि लाखो घरांची वीज गेली. आमच्या मागच्या ओहोळातही एक फर कोसळला. बुंध्याशी ४२ इंच रुंद, सरळसोट आणि आतून निरोगी.

असं लाकूड सरपणात घालवणं माझ्याने होत नाही. चिपळूणला आमच्या अण्णांची वखार होती. ओंडक्याभोवती दोरी फिरवून त्यातून किती घनफूट फळी निघेल हे ते तोंडी सांगत. करवतीला हात लावायच्या आधी ओंडक्याला चारी बाजूंनी फेरी मारायची, ही त्यांची शिस्त. या फरच्या फळ्या पाडायच्या हे मी त्याच आठवड्यात ठरवलं. माझ्याकडे ७० सीसीची चेन सॉ आहे. झाड तोडायला आणि तुकडे करायला ती उत्तम, पण ४२ इंचांच्या ओंडक्यातून लांबीच्या दिशेने एकामागून एक फळ्या चिरायला ती पुरत नाही. तेवढ्यात इनमक्लॉ गावातल्या एका गोठ्यात स्टील कंपनीची जुनी ०९० चेन सॉ विकायला असल्याचं कळलं. मागणी ९०० डॉलरची.

ज्यांना या यंत्रांचा संबंध नाही त्यांच्यासाठी एक माप देतो. बजाज चेतकचं इंजिन १४५ सीसीचं होतं. स्टील ०९० चं इंजिन १३७ सीसीचं आहे आणि तेही टू-स्ट्रोक. म्हणजे जवळजवळ अख्ख्या स्कूटरचं इंजिन दोन हातांत धरून लाकडात घालायचं. साखळी आणि ती जिच्यावर फिरते ती पट्टी, म्हणजे बार, न लावताच त्याचं वजन १२ किलोंच्या वर जातं.

एवढी अवजड यंत्रं बनवली का गेली, तर समोरची झाडंच तशी होती. जर्मनीत एमिल लेर्पने १९२७ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत डोलमार नावाच्या डोंगरावर नेऊन चालवली, तिचं वजन ५८ किलो होतं. आंद्रेआस स्टीलची १९२९ ची पेट्रोल करवत ४६ किलोंची. दोन्ही टोकांना एकेक माणूस लागायचा, आपल्याकडच्या जोडकरवतीसारखा. साखळीचा प्रश्न वेगळाच होता. हातकरवतीचे दात साखळीवर बसवले होते, ते भुशाने भरत आणि सारखे घासावे लागत. १९४६ मध्ये ऑरेगनमधल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने बुंधा पोखरणारी एक जाडजूड अळी निरखली. ती आपल्या वाकड्या जबड्यांनी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून लाकूड खरवडत पुढे जात होती. कॉक्सने पोलादात तोच आकार घडवला आणि १९४७ मध्ये पोर्टलंडला घराच्या तळघरात कारखाना सुरू केला. आज जगातली जवळपास प्रत्येक चेन सॉ त्याच पद्धतीच्या दातांनी कापते. साखळी सुधारल्यावर इंजिनं हलकी होत गेली. १९५९ ची स्टील कॉन्ट्रा ही १०६ सीसीची, १२ किलोंची करवत एकटा माणूस चालवू लागला. ०९० हा त्याच घराण्यातला, साठच्या दशकाच्या अखेरचा मोठा भाऊ.

पुढे इथली मूळ जंगलं संपत गेली, पुन्हा लावलेली झाडं बारीक निघाली, आणि करवतीही हलक्या व वेगवान झाल्या. आजची व्यावसायिक करवत मोकळी पळते तेव्हा मिनिटाला १३,००० च्या वर फेरे घेते. ०९० त्याच्या निम्म्याच्या थोडी वरच थांबते, पण लाकडात घातली तरी दबत नाही. ४२ इंचांच्या बारवरची साखळी पूर्ण रुतलेली असतानाही ती ओढत राहते. फळ्या पाडायला नेमकी हीच ताकद लागते, म्हणून या म्हाताऱ्या यंत्रांना अजून गिऱ्हाईक आहे.

गोठ्यात जाण्यापूर्वी मी विकणाऱ्याला फोनवर एकच विनंती केली होती, ‘मी येईपर्यंत चालू करू नका.’ गरम इंजिन अनेक दोष लपवतं. करवत जमिनीवर ठेवून मी आधी तिची स्टार्टरची दोरी हळू ओढली, दाब लागल्याबरोबर करवत दोरीवरच उचलून धरली. ती तशीच लटकून राहिली, म्हणजे कॉम्प्रेशन शाबूत होतं. मग सायलेन्सरचे स्क्रू काढून, टॉर्च धरून भोकातून पिस्टन पाहिला. पिस्टनची बाजू गुळगुळीत आणि करडी दिसावी. उभे ओरखडे दिसले तर इंजिन कधीतरी तेलाविना किंवा कमी पेट्रोलवर तापून चिकटलेलं असतं, मग विकणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी सौदा तिथेच सोडावा. या करवतीचा पिस्टन स्वच्छ होता.

त्यानंतर कवच. ते मॅग्नेशियमचं असतं, हलकं पण ठिसूळ. स्क्रूंच्या भोवती केसाएवढी चीर आहे का, कुठे पांढरी भुकटी धरली आहे का, हे बोट फिरवून पाहावं. मॅग्नेशियमला टाका मारणं सोपं काम नाही. फ्लायव्हील धरून वरखाली हलवलं, खेळ जाणवला नाही. क्रँकच्या ऑइल सीलजवळ ओल नव्हती. सील गळलं की आत नको ती हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जातो. ठिणगीसाठी यात पॉइंट आणि कंडेन्सर आहेत. जुनी राजदूत किंवा लॅम्ब्रेटा सांभाळलेल्या माणसाला ते काम नवं नाही, बारीक पॉलिश पेपर आणि फीलर गेज पुरतं.

कार्बुरेटरबद्दल मात्र सावध करतो. या जातीच्या बऱ्याच करवतींच्या कार्बुरेटरमध्ये वेग आवरणारी एक झडप असते. मोकळी पळवली की ती जास्त पेट्रोल सोडते आणि इंजिन गुरगुरल्यासारखं अडखळतं. नवखा माणूस हा बिघाड समजून स्क्रू आवळतो, आवाज गोड होतो आणि काही वेळात पिस्टन चिकटतो. ते अडखळणं तसंच राहू द्यायचं असतं. दुसरी अडचण पेट्रोलची. इथे पंपावर १० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, भारतात आता २० टक्क्यांचं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराचे पडदे कडक करतं. म्हणून कार्बुरेटरचं किट नवं घालायचं, आणि काम संपलं की टाकी रिकामी करूनच करवत ठेवायची.

इथवर सगळं ठीक होतं. बारच्या कडा झिजलेल्या होत्या. मोठा बार, फळ्यांसाठी घासलेल्या दोन साखळ्या, सील, किट असा हिशेब धरला तर ९०० वर आणखी ३००-४०० डॉलर सहज जातात. तरीही नव्या १२१ सीसीच्या स्टील ८८१ पेक्षा हे स्वस्तच पडतं. सुट्या भागांची बाजूही बरी आहे, कारण या घराण्यातली ०७० आशिया-आफ्रिकेत पुढे कितीतरी वर्षं विकली जात होती. मॅक्युलकची १२३ सीसीची करवत दिसायला याहून देखणी, पण तिची मूळ अमेरिकन कंपनी १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली. नाव आज हस्कवार्नाकडे आहे, जुने भाग मात्र मोडीत निघालेल्या करवतींतूनच शोधावे लागतात.

मला अडवलं ते हँडलने. ०९० चे दोन प्रकार मिळतात. एकावर ‘एव्ही’ अशी अक्षरं असतात, त्यात हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये रबर असतं. गोठ्यातली करवत त्या आधीची होती, हँडल थेट इंजिनाला बोल्टने कसलेलं, म्हणजे सगळं कंपन थेट हातांत.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक गृहस्थ राहतात, सत्तरच्या दशकात ते जंगलतोडीत होते. हिवाळ्यात ते हातमोज्यांशिवाय पत्रपेटीपर्यंतही येत नाहीत. एकदा त्यांनी मोजे काढून दाखवले. दोन्ही हातांची मधली तीन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत मेणासारखी पांढरी होती आणि तिथून पुढे एकदम लालसर कातडी सुरू होत होती, मध्ये रेघ ओढावी तशी सीमा. मी बोटाला हात लावला तर त्यांना कळलं नाही. सदऱ्याचं वरचं बटण त्यांची बायको लावून देते. सततच्या कंपनाने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, आणि थंडी लागली की रक्त तिथवर पोचत नाही. अ‍ॅलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टरने १९१८ मध्येच इंडियानातल्या दगड घडवणाऱ्यांच्या हातांत हा आजार नोंदवला होता. पुढे जंगलातल्या कामगारांना तोच झाला. त्यानंतर करवतींच्या हँडलखाली रबर आणि स्प्रिंगा आल्या.

याचं गणित प्रत्येक करवत घेणाऱ्याने समजून घ्यावं. युरोपच्या नियमाप्रमाणे आठ तासांच्या दिवसासाठी कंपनाची कमाल मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. कंपन दुप्पट झालं की चालणारा वेळ निम्मा होत नाही, पाव होतो. १० ला दोन तास, २० ला अर्धा तास. घट्ट हँडलच्या जुन्या मोठ्या करवती या वरच्या टोकालाच बसतात. आणि फळ्या पाडताना इंजिन एका दमात कित्येक मिनिटं पूर्ण जोरात चालतं.

चेन ब्रेकचा मुद्दा मी त्याखालोखाल धरतो. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उलटून माणसाच्या तोंडाकडे उसळते. आजच्या करवतीत त्या क्षणी साखळी थांबवणारा ब्रेक असतो. अमेरिकेत ९ फेब्रुवारी १९९५ नंतर लाकूडतोडीच्या कामावर आणलेल्या प्रत्येक करवतीला तो सक्तीचा आहे. ०९० ला तो नाही. म्हणून झाड पाडायला किंवा फांद्या छाटायला ही करवत कुणी वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पायांवर घालायचे संरक्षक पट्टेही ठरावीक वेगाच्या साखळीसाठी तपासलेले असतात, एवढ्या ताकदीच्या यंत्रापुढे त्यांचा भरवसा धरू नये. फळ्यांच्या कामात हा धोका बराच कमी होतो. ओंडका जमिनीवर पडलेला असतो, बार लोखंडी चौकटीत दोन्ही टोकांना आवळलेला असतो, माणूस फक्त चौकट ढकलत जातो. उरतं ते कंपन, धूर आणि १०० डेसिबलच्या वरचा आवाज.

आणखी एक पर्याय मी तपासला होता. ट्रकमागे पट्टाकरवत बांधून घरी येणारे लोक इथे आहेत, ते तासावर पैसे घेतात. त्यांचं पातं पातळ असतं, एका कापात लाकूड तीन मिलीमीटरही जात नाही. चेन सॉच्या कापात नऊ-दहा मिलीमीटरचा भुसा होतो. दहा काप घेतले की तीन-चार इंच लाकूड उडालं. ओंडका रस्त्याकडेला असता तर मी दुसरा विचार केला नसता. पण ओहोळात ट्रक उतरत नाही आणि ४२ इंच रुंदी त्यांच्या बहुतेक यंत्रांत बसत नाही.

निसर्ग वादळानंतर, २०२० मध्ये, दापोलीजवळच्या माझ्या आतेभावानेही असाच प्रश्न विचारला होता. त्याला ०७० ची स्वस्त नक्कल कुणी देऊ करत होतं. त्याच्या वाडीत पडलेले माड, पोफळी आणि हातभर जाडीचे आंबे होते. त्याला मी ५०-६० सीसीची, चेन ब्रेकवाली नवी करवत घ्यायला सांगितलं आणि उरलेल्या पैशांत हेल्मेट, कानांचे मफ आणि बूट.

इनमक्लॉच्या गृहस्थांना मी सांगितलं की करवत प्रामाणिक आहे, किंमतही रास्त आहे, पण हँडल घट्ट असल्याने मी घेणार नाही. ‘एव्ही’वाली आढळली तर १,००० पर्यंत देईन. फरचं लाकूड सालीसकट जमिनीपासून उचलून आडव्या फांद्यांवर ठेवलं आणि दोन्ही टोकांना मेण फासलं, म्हणजे भेगा लवकर पडत नाहीत. ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबू शकतं. तोवर मिळाली नाही तर ओंडका आधी मधोमध उभा चिरून त्याचे दोन भाग करायचे, ते कप्पीने वर रस्त्यापर्यंत ओढायचे आणि पट्टाकरवतवाल्याला बोलवायचं. फळ्या २० इंचांच्याच निघतील. जेवणाच्या टेबलाला तशा दोन जोडल्या की पुरतात.